ग्रेटिरचे भाऊ: एक ड्रांगेवर मेला, एक कॉन्स्टँटिनोपलला गेला

डोंगरवाट (धागालेखक)

इ.स. १००० च्या आसपासच्या आइसलँडमध्ये राजा नव्हता, पोलीस नव्हते, तुरुंग नव्हता. कायदा मात्र भरपूर होता. ९३० पासून दर उन्हाळ्यात थिंगवेलीरच्या माळावर आल्थिंग, म्हणजे सगळ्या देशाची सभा, भरायचं. तिथं कायदा तोंडपाठ असलेला माणूस तो सगळ्यांना म्हणून दाखवायचा, खटले उभे राहायचे, निकाल लागायचे. अंमलबजावणीचं काय? ज्यानं खटला जिंकला त्यानं ती आपली आपण करायची.

सगळ्यात कडक शिक्षा म्हणजे माणसाला कायद्याच्या बाहेर काढणं. सौम्य प्रकारात तीन वर्षं देशाबाहेर राहून परत यायचं. कडक प्रकारात मालमत्ता जप्त. त्याला जेवू घातलं तर गुन्हा, आसरा दिला तर गुन्हा, जहाजावर घेऊन परदेशी पोचवलं तरी गुन्हा. आणि कुणी ठार मारलं तर दाद ना फिर्याद. आपल्याकडचा तडीपार निदान शेजारच्या जिल्ह्यात खोली घेऊन राहतो. याला जिल्हाच उरत नाही.

ग्रेटिर आस्मुंडारसन या शिक्षेखाली १९ वर्षं जगला. त्याची सागा, म्हणजे जुन्या आइसलँडी भाषेतली गद्य कथा, १४ व्या शतकात कुणा अनाम माणसानं लिहिली. ती वाचणारे बहुतेक लोक त्यातली भुतं, अस्वल आणि बारा बेर्सेर्क (अंगात आल्यासारखे लढणारे योद्धे) लक्षात ठेवतात. मला ती तिसऱ्यांदा वाचताना वाटलं की ही खरं तर भावांची गोष्ट आहे. जिथं सरकार नाही तिथं कायद्याला हातपाय लागतात, आणि ते भावाचे असतात. तेवढ्यासाठी हा धागा.

आधी घर. उत्तर आइसलँडमध्ये मिदफ्योर्दुर नावाच्या खाडीजवळ ब्यार्ग हे शेत. बाप आस्मुंड, आई आस्दिस. थोरला अटली समंजस, शांत. मधला ग्रेटिर म्हणजे लहानपणापासून डोक्याला ताप. बापानं पाळीव हंस राखायला दिले तर पिल्लं मारून टाकली, घोडी सांभाळायला दिली तर तिच्या पाठीची कातडी सोलली. धाकटा इल्लुगी. आणि बापाच्या पहिल्या बायकोचा मुलगा थोरस्टाइन, नॉर्वेत टॉन्सबर्गला स्थायिक. हा थोरस्टाइन ताकदवान, आवाजाचा खणखणीत, पण सगळ्या गोष्टीत संथ. म्हणून त्याला ड्रोमुंड म्हणायचे. बिझंटाइन आरमाराच्या मोठ्या जहाजांना हेच नाव होतं.

ग्रेटिरची पहिली शिक्षा सौम्य होती. आल्थिंगला जाताना शिदोरीच्या पिशवीवरून भांडण झालं आणि त्यानं एका गड्याला मारलं. तीन वर्षं बाहेर. नॉर्वेत त्यानं एका जुन्या सरदाराची समाधी फोडली, आतल्या मेलेल्याशी झुंज घेतली आणि त्याची आखूड एकधारी तलवार मिळवली. ही तलवार लक्षात ठेवा.

परत आल्यावर ग्लामचं प्रकरण. ग्लाम हा मेलेला मेंढपाळ, रात्री घरांच्या छपरांवर बसून टाचा आपटायचा. ग्रेटिर त्याची वाट बघत अशाच एका घरात पांघरूण घेऊन पडून राहिला, दोघांच्या झटापटीत घराचा दरवाजा उखडला आणि दोघं बाहेर पडले. ग्लाम उताणा, ग्रेटिर त्याच्या अंगावर. त्याच क्षणी ढग बाजूला झाले, चंद्र आला आणि ग्लामनं डोळे वर करून चंद्राकडे पाहिलं. त्या डोळ्यांनी ग्रेटिरच्या हातातली ताकद गेली. तेवढ्यात ग्लामनं शाप दिला: तुझी ताकद यापुढे वाढणार नाही, तू कायद्याबाहेर जाशील, एकटा राहशील, आणि हे माझे डोळे तुला कायम दिसत राहतील.

तिथून पुढे आइसलँडमधला सगळ्यात बलदंड माणूस अंधाराला घाबरायला लागला. पुढच्या सगळ्या गोष्टीची मेख इथं आहे. ज्याला एकटं राहणं भाग आहे, त्याला एकटं राहता येत नाही.

दुसऱ्या नॉर्वे सफरीत एका झोपडीला अपघातानं आग लागली आणि आतली माणसं जळून मेली. त्यात एका बड्या आइसलँडी शेतकऱ्याचे मुलगे होते. आल्थिंगनं ग्रेटिरला त्याच्या गैरहजेरीतच कायद्याबाहेर काढलं. तो परतला तेव्हा एकाच वेळी तीन बातम्या मिळाल्या: बाप गेला, अटलीचा खून झाला, आणि आपल्याला शिक्षा झाली. अटलीचा सूड त्यानं घेतला. मग डोंगर, गुहा, ओसाड पठारं. डोक्यावर चांदीचं बक्षीस. सोबतीला घेतलेले लोक एक तर मारायला पाठवलेले निघायचे, नाही तर चोर. कायद्याबाहेरच्या माणसानं दुसऱ्या तशाच माणसाला मारलं तर शिक्षेत सूट मिळायची, त्यामुळे ज्याच्याबरोबर शेकोटी पेटवायची त्याच्याकडे पाठ करता यायची नाही.

शेवटी कुणी तरी ड्रांगेचं नाव सुचवलं. स्कागाफ्योर्दुर खाडीत सरळ उभा कातळ, सुमारे १८० मीटर उंच, वर गवत, भोवती पक्षी. शिडीशिवाय वर जाता येत नाही. ग्रेटिर निरोप घ्यायला आईकडे आला आणि म्हणाला, जागा चांगली आहे, पण अंधारात एकट्यानं राहणं मला आता जमत नाही. पंधरा वर्षांचा इल्लुगी म्हणाला, मी येतो. माझा तुला उपयोग किती होईल माहीत नाही, पण तू असेपर्यंत तुला सोडून जाणार नाही.

आस्दिसनं दोघांनाही जाऊ दिलं. तुम्ही दोघं एकत्रच मराल असं मला दिसतंय, असं ती स्पष्ट बोलली आणि जादूटोण्यापासून जपा म्हणाली. वाटेत ग्लाउम नावाचा एक बडबड्या, आळशी भटक्या त्यांच्याबरोबर आला.

बेटावरच्या मेंढ्या किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांच्या. त्यांना बेट परत हवं होतं. थोरब्योर्न ओंगुल नावाच्या दांडग्यानं बाकीच्यांचे हिस्से कवडीमोलानं घेतले आणि ग्रेटिरला हुसकायचं काम अंगावर घेतलं. ताकदीनं जमेना, तेव्हा त्यानं आपल्या म्हाताऱ्या दाईला गाठलं. थुरीद तिचं नाव. तिनं वाहून आलेल्या एका ओंडक्याच्या बुंध्यावर रून (उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतली) अक्षरं कोरली, त्यात स्वतःचं रक्त चोळलं, मंत्र म्हणत त्याच्याभोवती उलट्या फेऱ्या घातल्या आणि तो समुद्रात ढकलून दिला. ओंडका वाऱ्याच्या विरुद्ध ड्रांगेला लागला. ग्रेटिरनं दोनदा लाथेनं ढकलून दिला. तिसऱ्यांदा वादळी हवेत ग्लाउमनं तो सरपणासाठी वर आणला, ग्रेटिरनं न बघता कुऱ्हाड घातली, ती घसरली आणि त्याच्याच गुडघ्याच्या वर हाडापर्यंत रुतली. जखम काळी पडली.

शरद ऋतूतली रात्र. ग्लाउम शिडी वर ओढून घ्यायची सोडून झोपून गेला. ओंगुल आणि त्याची माणसं वर आली, झोपडीचं छप्पर फोडलं. ग्रेटिर गुडघ्यावर बसून लढला. मागून वार झाला तेव्हा तो म्हणाला, ‘ज्याला भाऊ नाही त्याची पाठ उघडी.’ इल्लुगीनं त्याच्यावर ढाल धरली आणि तो इतक्या जिद्दीनं लढला की शेवटी त्याला ढालींच्या मध्ये चेंगरूनच पकडावं लागलं.

ग्रेटिर तोवर मेलेलाच होता. पण तलवार त्याच्या मुठीतून सुटेना. ओंगुलनं मनगट तोडलं, तलवार घेतली, आणि त्याच तलवारीनं मेलेल्याच्या डोक्यावर घाव घातला. कवटीनं पात्याला खाच पडली.

पहाटे इल्लुगीला सांगितलं, सूड घेणार नाही अशी शपथ घे, सोडतो. तो हसला. म्हणाला, तुम्ही भ्याडपणानं मारलंत, जगलो तर तुमची गाठ माझ्याशी आहे. त्याला बेटाच्या पूर्वेकडच्या टोकाला नेऊन मारलं. ग्रेटिरला मुक्त व्हायला तेव्हा साधारण एक वर्ष उरलं होतं, कारण वीस वर्षांपेक्षा जास्त कुणी कायद्याबाहेर राहू नये असं आल्थिंगवर बोललं गेलं होतं.

आता उरला संथ सावत्र भाऊ. बऱ्याच वर्षांपूर्वी ग्रेटिर टॉन्सबर्गला त्याच्याकडे उतरला होता. सकाळी थोरस्टाइन अंथरुणात असताना त्याचे बारीक दंड बघून ग्रेटिर हसला: हे दंड आहेत की चिमटे! थोरस्टाइन म्हणाला, बारीक असतील, पण तुझा सूड घेतला गेला तर याच दंडांनी घेतला जाईल.

ओंगुल आइसलँड सोडून नॉर्वेला आणि तिथून मिक्लागार्दला, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलला पळाला. थोरस्टाइननं शेतीवाडी नातेवाइकांच्या ताब्यात दिली आणि मागे निघाला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. दोघंही बिझंटाइन सम्राटाच्या वारांगियन दलात, म्हणजे उत्तरेकडच्या भाडोत्री सैनिकांच्या तुकडीत, भरती झाले, आणि थोरस्टाइनला आपल्यातला ओंगुल कोण हेच कळेना. सागा म्हणते, त्याला रात्र रात्र झोप लागायची नाही.

मोहिमेआधी दलात शस्त्रं तपासून घ्यायचा रिवाज होता. प्रत्येकानं आपलं हत्यार पुढं धरायचं. एकानं आखूड तलवार काढली. पातं सुरेख, पण मधोमध खाच. बाकीचे म्हणाले, एवढं चांगलं पातं, खाच कशी पडली? तो अभिमानानं म्हणाला, आइसलँडमध्ये ग्रेटिर नावाचा कुणाला न आवरणारा माणूस होता, त्याच्या टाळूवर मारताना पडली. तलवार हातोहात फिरली. थोरस्टाइन म्हणाला, जरा बघू. ओंगुलनं दिली. थोरस्टाइननं ती वर उचलली आणि ओंगुलच्या डोक्यात दाढांपर्यंत घातली.

पुढे त्याला तुरुंगात टाकलं, तिथून स्पेस नावाच्या श्रीमंत बाईनं सोडवलं, ते एक वेगळंच प्रकरण आहे. वाचलं असेल त्यांनी लिहा.

---

मिरजेची_मावशी

इल्लुगीपाशी येऊन थांबले. पंधरा वर्षांचं पोर. त्या आईला नंतर कुणी सांगितलं की नाही?

---

डोंगरवाट

सांगितलं, मावशी. ओंगुलनं ग्रेटिरचं डोकं मिठात घालून ठेवलं होतं. हिवाळ्यानंतर तो वीस एक माणसं घेऊन ब्यार्गला गेला आणि ते आस्दिससमोर टाकलं. तिनं तिथल्या तिथं कडवं रचून ऐकवलं: माझा मुलगा धडधाकट असता तर तुम्ही मेंढ्यांसारखे समुद्रात पळाला असता. त्याच्याबरोबरचे लोकही म्हणाले, असली आई असल्यावर मुलगे तसे निघणारच. त्यानंतर आजूबाजूचे लोक तिच्या बाजूनं झाले. ब्यार्गला आज तिचं स्मारक आहे.

---

वकीलबुवा

लेख आवडला, पण ओंगुलची बाजू कुणी तरी मांडायला हवी, ती मी मांडतो.

ग्रेटिर कायद्याबाहेर होता. त्याला मारायचा अधिकार प्रत्येकाला होता, उलट डोक्यावर बक्षीस होतं. ओंगुलचे बेटावर हिस्से होते, म्हणजे ग्रेटिर अतिक्रमण करून बसला होता आणि दुसऱ्यांच्या मेंढ्या कापून खात होता. आधी बोलणी झाली, ती फिसकटली. मग हा माणूस खलनायक कसा? सागा ग्रेटिरच्या बाजूची आहे म्हणून आपणही त्या बाजूचे. किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांना विचारा.

---

डोंगरवाट

वकीलबुवा, तुमचा युक्तिवाद ओंगुलनंही आल्थिंगपुढे केला होता, आणि तो हरला.

त्याच्यावर दोन आरोप ठेवले गेले: जादूटोणा केला, आणि अर्धमेल्या माणसाला मारलं. कायद्यानं मारायची मुभा होती, कसंही मारायची नव्हती. आगीत मेलेल्या मुलांचा बाप, ज्यानं बक्षीस लावलं होतं, त्या गार्दच्या थोरीरनंही पैसे द्यायला नकार दिला, चेटकाला पैसे देणार नाही म्हणाला. निकाल असा लागला की ओंगुलनं त्याच उन्हाळ्यात देश सोडायचा आणि विरोधी पक्षाची माणसं जिवंत आहेत तोवर परत यायचं नाही. बेट गेलं, बक्षीस गेलं, गाव गेलं. ज्यानं कायद्याबाहेरच्या माणसाला मारलं तोच परागंदा झाला. म्हणून तर तो मिक्लागार्दला सापडतो.

मेंढ्यांच्या मुद्द्याला मात्र उत्तर नाही. त्या खाल्ल्याच. एक करड्या पोटाचा मेंढा तेवढा मजेसाठी ठेवला होता, तो रात्री झोपडीच्या दारावर शिंगं घासायचा.

---

खडूस_वाचक

भावनेचा पूर ओसरला असेल तर थोडं कोरडं.

ग्रेटिर नावाचा माणूस असावा, जुन्या वसाहतींच्या नोंदींत त्याच्या घराण्याचा उल्लेख येतो. पण ही सागा घटनेनंतर जवळपास तीनशे वर्षांनी लिहिली, आणि आज हाताशी असलेल्या जुन्या हस्तलिखितांचा काळ १५ व्या शतकाच्या शेवटाकडचा. कॉन्स्टँटिनोपलचा भाग तर सरळ सरळ युरोपातल्या दरबारी प्रेमकथांच्या वळणाचा आहे. स्पेस पुढे चर्चमध्ये जी शपथ घेते ती ट्रिस्टन आणि इसॉल्टच्या जुन्या प्रेमकथेतून उचललेली आहे हे अभ्यासक कधीपासून सांगताहेत. थोरस्टाइन कदाचित कधी टॉन्सबर्गच्या बाहेर पडलाही नसेल. ‘सूड घेतला जायलाच हवा’ ही वाचकांची गरज होती, ती लेखकानं भागवली.

---

टॉन्सबर्गकर

नाव बघून कळलंच असेल, मी थोरस्टाइनच्या गावी राहतो. नॉर्वेतलं सगळ्यात जुनं शहर म्हणून मिरवतं. इथून थोड्या अंतरावर ओसेबर्गचा टेकाड आहे, १९०४ मध्ये त्यातून ते प्रसिद्ध जहाज निघालं. थोरस्टाइनचं नाव इथं फारसं कुणाला माहीत नाही.

खडूस यांच्याशी तपशिलात सहमत, निष्कर्षात नाही. थोरस्टाइन गेला की नाही ते सोडा, पण त्या वाटेनं भाऊ जात होते आणि भाऊ मरत होते याचे पुरावे दगडात आहेत. गोटलंडवर पिलगोर्ड्सचा एक रून दगड आहे, १० व्या शतकातला. काही भावांनी मिळून राव्न नावाच्या माणसासाठी उभा केलेला. ‘ते आयफोरमध्ये दूरवर पोचले’ असं त्यावर आहे. आयफोर हा नीपर नदीवरचा धबधब्यांचा टप्पा. बिझंटाइन सम्राट सातव्या कॉन्स्टंटाइननं १० व्या शतकात आपल्या मुलासाठी लिहून ठेवलेल्या पुस्तकात त्याचं वर्णन आहे: इथं खडकांत पेलिकन घरटी करतात, नावा पाण्यात चालवता येत नाहीत, त्या ओढत नाही तर खांद्यावर घेऊन काठानं चालायचं, साखळदंडातल्या गुलामांनाही चालवत न्यायचं, आणि पेचेनेग या भटक्या टोळ्या हल्ला करतील म्हणून पहारा ठेवायचा. १९३२ च्या धरणात ते सगळे टप्पे पाण्याखाली गेले.

स्वीडनच्या ग्रिप्सहोल्मला दुसरा दगड आहे. टोला नावाच्या आईनं मुलगा हाराल्डसाठी उभा केला. हाराल्ड कोण? तर ‘इंगवारचा भाऊ’. ते सोन्यासाठी मर्दासारखे दूर गेले, पूर्वेला गरुडांना खाऊ घातलं, दक्षिणेत सेर्कलँडमध्ये (मुसलमानी मुलखात) मेले. आईनं मुलाची ओळख भावाच्या नावानं दिली. इंगवारच्या त्या पूर्वेकडच्या मोहिमेत गेलेल्यांसाठी स्वीडनमध्ये पंचवीसेक दगड आहेत.

---

पाणकोंबडा

अवांतर, पण ड्रांगेवरून किनाऱ्यापर्यंत पोहत गेल्याची गोष्ट कुणी सांगितली नाही! बेटावर विस्तव विझला आणि होडी नव्हती, तर ग्रेटिर निखारे आणायला पोहत किनाऱ्यावरच्या रेकिरला गेला. अंतर सुमारे सात किलोमीटर, पाणी उत्तर अटलांटिकचं. तिथं गरम झऱ्यात अंग शेकलं आणि झोपून गेला. ते गरम पाण्याचं कुंड अजून आहे, त्याला त्याचंच नाव आहे आणि लोक त्यात डुंबतात.

मी पोहणारा माणूस, माझा विश्वास बसत नव्हता. मग वाचलं की १९२७ मध्ये एर्लिंगुर पॉल्सन यांनी ते अंतर खरंच पोहून दाखवलं. ते रेक्याविकच्या पोलिसात होते.

---

वकीलबुवा

म्हणजे फरार आरोपीचा माग काढत पोलीस नऊशे वर्षांनी पोचले. हलके घ्या.

---

शेवंती

गिस्ली सूरसन आठवला. तोही कायद्याबाहेर काढलेला, त्याचीही सागा आहे, आणि तिथं भाऊ अगदी उलटा आहे. गिस्लीनं मेव्हण्याच्या खुनाचा बदला घेतला, तो ज्याच्यावर घेतला तो बहिणीचा नवरा. बहिणीनंच नवऱ्याच्या मारेकऱ्याचं नाव फोडलं. भाऊ थोरकेल दारात येऊन भेटायचा, चांदी द्यायचा, लोकरीचं कापड द्यायचा (तेव्हा कापड चलनासारखं चालायचं), पकडायला लोक निघालेत म्हणून आधी कळवायचाही, पण घरात घ्यायचा नाही. का, तर मी अडचणीत येईन. गिस्ली त्याला म्हणतो, तुझ्या जागी मी असतो तर असं वागलो नसतो.

थोरकेल मला जास्त खरा वाटतो, हे कबूल केलंच पाहिजे. आपल्यातले बहुतेक जण थोरकेलच. मदत करतो, पण उंबऱ्याबाहेर.

---

मिरजेची_मावशी

शेवंती, अगदी. वाळीत टाकलेल्या घरात भाऊ असला की काय होतं ते मी माहेरच्या गावात पाहिलंय. अंधार पडल्यावर मागच्या दारानं दुधाचा तांब्या पोचवायचा आणि सकाळी पाणवठ्यावर तोंड फिरवायचं. महाराष्ट्रात त्याविरुद्ध कायदा झाला तो २०१६ चा.

इल्लुगी मला लक्ष्मणासारखा वाटतो. बोलावणं नसताना निघाला.

---

खडूस_वाचक

मावशी, लक्ष्मण परत आला. आणि रामानं घोड्या सोलल्या नव्हत्या.

माझा मुद्दा तोच आहे. ग्रेटिर हा सद्गुणी वनवासी नाही. नॉर्वेचा राजा सेंट ओलाफ याच्यापुढे तापलेलं लोखंड धरून त्या आगीच्या आरोपातून निर्दोष ठरायची संधी मिळाली होती, तर चर्चमध्ये चिडवणाऱ्या एका पोराला त्यानं ठोसा मारला आणि दिव्य रद्द झालं. राजा म्हणाला, तू फार दुर्दैवी माणूस आहेस. दुर्दैवी कसला, हलकट स्वभाव.

---

डोंगरवाट

खडूस, इथंच तर सागा चांगली आहे. ग्रेटिर लायक होता म्हणून भाऊ उभे राहिले असं ती एकदाही म्हणत नाही. इल्लुगीनं हिशेब केला नाही, आणि थोरस्टाइनची तर ग्रेटिरनं टिंगल केली होती. जन्मभर देणं ठेवून जाणारा भाऊ होता तो. तरी दोघांनी फेडलं.

आणि थोरस्टाइनच्या सफरीतला खरा धोका मला नीपरच्या खडकांत दिसत नाही. आइसलँडमध्ये त्यानं तलवार घातली असती तर आल्थिंगला खटला, साक्षीदार, नातेवाईक, भरपाई, सगळं ठरलेलं. मिक्लागार्दला सम्राटाची फौज, तुरुंग आणि मारणाऱ्याला मरण. थोरस्टाइननं तिथल्या तिथं सांगितलं, मी ग्रेटिरचा भाऊ, इतके दिवस मला सूड घेता आला नव्हता. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना पटलं. एवढ्या लांब कुणी ज्याच्यासाठी येतो तो माणूस मोठाच असणार, असं ते म्हणाले. पण त्याच्या बोलण्याला साक्ष द्यायला त्या शहरात एकही माणूस नव्हता. नात्याचा कायदा त्याच्याबरोबर इतक्या लांब येऊ शकत नव्हता. गेला सरळ कोठडीत.

कोठडीत आधीच एक जण होता, दिवसेंदिवस खंगत चाललेला. थोरस्टाइन त्याला म्हणाला, चल, काही तरी मजा करू, आणि गायला लागला. खणखणीत आवाज होताच. रात्री रस्त्यावरून स्पेस चालली होती, तिनं तो ऐकला, चौकशी केली आणि पैसे भरून सोडवलं. फक्त त्याला सोडवत होती, तर तो म्हणाला, सोबत्याला सोडल्याशिवाय मी बाहेर येत नाही. दोघांचे पैसे भरले.

स्टुर्ला थोर्दारसन हा १३ व्या शतकातला नामांकित कायदेपंडित. सागाच्या शेवटी त्याचं मत दिलंय की ग्रेटिरइतका थोर कायद्याबाहेरचा माणूस दुसरा नाही. कारणं तीन: सगळ्यांपेक्षा जास्त काळ निसटत राहिला, सगळ्यांपेक्षा बलवान होता, आणि त्याचा सूड मिक्लागार्दमध्ये घेतला गेला. तिसऱ्या कारणात ग्रेटिरचं कर्तृत्व शून्य. तो मेलेला होता. ते सगळं थोरस्टाइनचं.

---

टॉन्सबर्गकर

वारांगियन दलाबद्दल थोडं. ९८८ च्या सुमारास सम्राट दुसऱ्या बासिलला बंडाळी मोडायला कीवच्या व्लादिमिरनं सुमारे सहा हजार माणसं दिली, तिथून हे दल उभं राहिलं. सागा ज्या सम्राटाचं नाव घेते तो चौथा मिखाएल, राज्यकाळ १०३४ ते १०४१. पुढे नॉर्वेचा राजा झालेला हाराल्ड सिगुर्दसन त्याच काळात त्या दलात होता, आणि सागा त्याचाही उल्लेख करते. म्हणजे तारखा बसतात, एवढं तरी लेखकाला द्या.

इस्तंबूलला गेलात तर आया सोफियाच्या वरच्या सज्जात संगमरवरी कठड्यावर रून अक्षरं शोधा. बहुतेक झिजलीत, ‘हाल्फदान’ एवढं नाव लागतं. मी गेलो तेव्हा वर पारदर्शक पत्रा बसवलेला होता. बाकी मजकूर वाचता येत नाही. प्रार्थना लांबली असेल, पहारेकऱ्याला कंटाळा आला असेल.

---

शेवंती

स्पेसचं अर्धं सोडू नका! तिचा नवरा सिगुर्द, पैसा तिचा आणि मिजास त्याची. त्याला संशय येतो, तो अवेळी दार ठोठावतो, ती दर वेळी थोरस्टाइनला नवीन ठिकाणी लपवते. एकदा पेटीत, आणि वर स्वतः बसते. एकदा कपड्यांच्या ढिगाखाली. शेवटी बिशपपुढे शपथ घ्यायची वेळ येते. चर्चच्या वाटेवर चिखलाचा मोठा नाला. तिथं दाढी वाढलेला एक धिप्पाड भिकारी कुबड्या टेकत उभा असतो, तो बायकांना उचलून पलीकडे नेतोय. स्पेसला नेताना मध्येच अडखळतो, तिला काठावर टाकतो आणि पडता पडता त्याचा हात तिच्या मांडीला लागतो. ती रागावते, मग दया येऊन त्याला पैसे देते. सगळे बघतात. मग चर्चमध्ये शपथ: माझा नवरा आणि आत्ता सगळ्यांसमोर मला धरणारा तो भिकारी, यांच्याशिवाय कुणा पुरुषाचा हात मला लागलेला नाही, आणि माझे पैसेही दुसऱ्या कुणाला दिलेले नाहीत.

भिकारी कोण ते सांगायला नको.

---

वकीलबुवा

अक्षरशः खरं आहे. उलटतपासणीत टिकेल.

पण मग तिनं नवऱ्यापासून सोडचिठ्ठी मिळवली की नाही? आणि मालमत्ता?

---

शेवंती

मिळवली. नवऱ्यावरच खोटा आळ घेतल्याचा ठपका आला, मालमत्ता तिची राहिली, त्याला देश सोडावा लागला. तिनं थोरस्टाइनशी लग्न केलं आणि पुढे दोघं टॉन्सबर्गला आले.

---

खडूस_वाचक

म्हणजे या सागात ज्याच्या ज्याच्यावर लेखकाची मर्जी खप्पा होते तो देशाबाहेर. ग्रेटिर, ओंगुल, सिगुर्द. मोजत राहा.

---

मिरजेची_मावशी

डोंगरवाट, गिस्लीवर वेगळा धागा काढा. त्या थोरकेलला मला चार शब्द सुनवायचे आहेत.

---

डोंगरवाट

काढतो, मावशी. शेवंतीनं काढला तर अजून चांगलं, तिचा अभ्यास माझ्यापेक्षा पक्का आहे. वकीलबुवांनी थोरकेलची वकिली आत्तापासून तयार ठेवावी.